भिंतीआधीची चौकट

माय, तू छप्पर घातलं होतंस त्या जागेवर आता कडुलिंबाच्या लाकडाची एक चौकट उभी आहे. तिला भिंत नाही, छत नाही, दाराच्या फळ्याही नाहीत. चारी बाजूंनी गुडघाभर सोयाबीन आणि मधे ही चौकट. रस्त्यानं जाणारे मोटारसायकल हळू करतात, बघतात, हसतात. हसू देत. ही आडवी करा असं मला आधी चिडून सांगितलं गेलं, मग समजावून, आणि आता कागदावर लिहून. मी ती आडवी करणार नाही. खरं तर एवढंच सांगायला बसलो होतो, पण मला थोडक्यात काही सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचं हे अक्षर आहे. तुला तर एकही अक्षर येत नव्हतं. आपल्या दोघांत ते चालून जाईल.

तुझ्या छपरापासूनच सुरू करतो. बा गेल्यावर वर्ष पुरतं झालेलं नाही. गावातल्या घराच्या स्वयंपाकघरात तू परातीत ज्वारीचं पीठ मळते आहेस, मी चुलीपाशी उकिडवा बसलोय, भाकरीची वाट बघत. थोरली काकू येते, परात तुझ्या हाताखालून ओढून घेते आणि म्हणते, "तुमची चूल तुमच्या वावरात मांडा आता. इथं कुठवर पुरवायचं?" तू वर बघत नाहीस. बोटांना लागलेलं पीठ परातीच्या काठाला पुसून टाकतेस, तेवढंही त्यांचं नको म्हणून, आणि उठतेस. त्याच दिवशी आपण वावरात आलो. तीन दगड, एक तवा आणि कापसाच्या पळाट्यांचा जाळ. पुढे तू तुराट्यांचा कूड उभा केलास, शेणानं लिंपलास, वर गवत टाकलंस. मग एक दिवस तलाठी आला. त्याचा कोट बघूनच मी कडब्याच्या गंजीमागं लपलो. तिथून मला सगळं ऐकू येत होतं.

"कोनाला इचारून घातलं गं बाई हे?"

"लेकराला इचारलं," तू म्हणालीस. "झोप आली म्हनलं."

तो पाणी मागून प्याला आणि निघून गेला. तू मला गंजीमागून कानाला धरून बाहेर काढलंस. मला वाटलं, मारशील. मारलं नाहीस. "भ्यायचं असंल तर भी," तू म्हणालीस, "पन समोर हुबा राहून भी." माय, इतकी वर्षं झाली, मी अजून भितोच. बसचा कंडक्टर मोठ्यानं बोलला तरी मी हातातलं तिकीट पुन्हा तपासून बघतो. रात्रभर वारा सुटला की पत्रा उडेल म्हणून मी दहादा उठतो. पण या एका कामात मी समोर उभा राहून भितोय.

तू गेलीस तेव्हा तुझी नात, माझी पोरगी, रांगत होती. पुढं हदगावकडं दिली तिला. नवऱ्यानं दुसरी आणली आणि ही शिलाई मशीन घेऊन परत आली. तुझी सून तेव्हा होती. तुझं छप्पर पडल्यावर वाटणीत आलेल्या, गावातल्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही राहायला गेलो होतो; सून वारल्यावर तिथं आम्ही दोघंच उरलो. बाकीचं सगळं घर चुलतभावाच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं भरलेलं. त्याची बायको आधी पाण्यावरून बोलायला लागली, मग मशीनच्या आवाजावरून, मग न्हाणीत कोण किती वेळ बसतं यावरून. एके दिवशी पोरगी भाकरी थापता थापता थांबली आणि माझ्याकडं बघितलं. कुणी तिची परात ओढली नव्हती. पण मला पुढचं दिसलं. मी तिला घेऊन वावरात आलो, खताची पोती ठेवायचो त्या पत्र्याच्या खोलीत. पुतण्या म्हणाला, "काका, राहा की तिकडं, हवेशीर हाय. पन घर-बिर कशाला बांधता या वयात? तुमच्यामागं कोन राहनार तिथं?" पोरगी समोर उभी होती, माय. तिच्या हातात पाण्याची कळशी होती. तिच्यादेखत तो विचारत होता, कोण राहणार.

म्हणून मला नुसतं घर नको आहे. कागदावरचं घर पाहिजे. तुझं छप्पर कुठल्याही कागदावर नव्हतं, आणि तुला कुणी उठवलं नाही ते तुझ्या तोंडामुळं. पोरीचं तोंड तसं नाही, ती गप्प बसणारी आहे. कागद नसेल तर माझे दिवस झाल्याबरोबर पुतण्या जेसीबी आणील. कागद असेल तर घर तिच्या नावानं नोंदवता येतं. इतकी साधी गोष्ट आहे ही. मला वाटलं होतं, अर्ज द्यायचा, शिक्का घ्यायचा.

ग्रामसेवक भला माणूस. त्यानं मला खुर्ची दिली. "काका, हे गावठानाच्या बाहेर हाय. माझ्या हातात काईच न्हाई."

"मंग कोनाच्या हातात हाय?"

"तालुक्याला जा."

तालुक्याच्या बाबूनं विचारलं, "वावरात घर कामून पाहिजे? गावात जागा न्हाई का?" मी म्हणालो, "हाय. पुतन्यानं भरलेली हाय." तो म्हणाला नकाशा आणा, इंजिनिअरचा. इंजिनिअर म्हणजे बसस्टँडसमोरच्या गाळ्यातला एक पोरगा. त्यानं कॉम्प्युटरवर माझं घर काढलं. सुंदर काढलं, खोटं कशाला बोलू. पुढं गाडी लावायला जागा, मग बैठक, मग दोन खोल्या. मी विचारलं, चूल कुठं?

"किचन हाय की काका."

"धूर जायाला वाट ठेव. पोरगी चुलीवर भाकरी करती."

"आता गॅस हाय ना सगळ्यांकडं."

"हाय. टाकी संपली की काय तुझा नकाशा जाळू?"

तो इतका हसला की शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून त्यानं मला पुन्हा तेच बोलायला लावलं. पण धुराड्याची जागा त्यानं दाखवली, आणि गाडीची जागा काढून तिथं शिलाई मशीनची खोली घातली, पूर्वेला खिडकी ठेवून. तो नकाशा मी पोरीला दाखवला तेव्हा तिनं खिडकीवर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ उचललं नाही.

नकाशा जिल्ह्याला गेला. काही महिन्यांनी मला बोलावणं आलं. तिथले साहेब काचेच्या खोलीत बसतात. म्हणाले, तुमच्या जागेला पोहोच रस्ता नाही. मी म्हणालो, साहेब, मी रोज येतो-जातो. ते म्हणाले, नकाशावर दिसत नाही. मी म्हणालो, "हाव साहेब." बसस्टँडवर उसाचा रस पिताना मला सुचलं की, ज्यानं नकाशा काढला तो चालत आला नसंल, असं म्हणायला पाहिजे होतं. माझं असंच आहे. बोलायचं ते मला नेहमी रस पिताना सुचतं.

तुला आठवते ना आपली गाडीवाट? छप्पर घातल्यावर तू मला घेऊन बांधापलीकडच्या चाचांकडं गेली होतीस. डोईवरचा पदर सावरत उभी राहिलीस आणि वाट मागितलीस. चाचा तंबाखू मळत होते. "रस्ता पूछने की चीज है क्या, बहन? बैलां जातेच ना, तुम बी जाव." तू त्यांना आपल्या वावरातून पाण्याचा पाट दिलास. त्या दिवसापासून वाट त्यांची नाही आणि पाट आपला नाही. दोन्ही घरांत कुणी हे लिहून ठेवलं नाही, कारण विसरण्यासारखं ते नव्हतंच. आता चाचांचा नातू ते वावर करतो. मी त्याच्याकडं गेलो, बांधावर बसलो, कसं बोलावं कळेना. वाट कागदावर मागायची म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं तर नाही ना वाटणार? त्यानंच विचारलं, "काका, तब्येत बरी न्हाई का?" मग मी सांगितलं. तो म्हणाला, "आजा असते तर तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, इतक्या दिवसांनी इचारता म्हनून. सही कुठं करू ते सांगा." दुसऱ्या दिवशी दुपारचं ऊन झेलत माझ्याबरोबर तालुक्याला आला. मी पाटाचंही लिहून द्यायला निघालो तर नको म्हणाला. "एक तरी तसंच राहू द्या," म्हणाला.

संमतीचा कागद दिला. बाबू म्हणाला, झालं काका, आता आज-उद्या होऊन जाईल. इथं माझं चुकलं, आणि ते आपल्यासारख्यांचंच चुकतं. जोशीबुवा म्हणाले, चौकटीला वैशाखातला हा शेवटचा मुहूर्त, नंतर थेट दिवाळीच्या पुढं. सुतारानं चौकट करून ठेवलीच होती. बांधावरचा लिंब मागच्या वादळ-वावधानात पडला, त्याचंच लाकूड. वाळवी लागत नाही त्याला. मी बाबूच्या आज-उद्यावर विश्वास ठेवला आणि जोशीबुवांच्या मुहूर्तावरही. पोरगी म्हणत होती, "अण्णा, कागद येऊ द्या." पण आपल्याकडं चौकट आधी उभी राहते, भिंती मग तिच्या आधारानं चढतात. कागद आधी आणि चौकट मग, अशी रीत मी कधी बघितली नव्हती.

गावातल्या बायका आल्या, पुतण्याची बायकोही आली. दोन दगडांवर चौकट उभी केली, टेकू लावले, वर आंब्याची पानं आणि पिवळ्या फडक्यात नारळ बांधला. उंबऱ्याला हळद लावायची वेळ आली आणि सगळ्या थांबल्या. पोरगी ताट घेऊन मागं उभी होती. एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "भाऊ, हळद सवाष्णीनं लावावी." मी म्हणालो, "हिचा नवरा जिता हाय की. हदगावात कापसाचा सौदा करून राहिला. मंग ही सवाष्ण न्हाई तर कोन?" दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मला आणखी जोर आला. "आन नसती सवाष्ण तरी हळद तिचीच. घर तिचं हाय." पोरीनं हळद लावली. सगळ्या उंबऱ्याला लावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुतण्याची बायको नारळाचा प्रसाद न घेता गेली. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. त्याच आठवड्यात पुतण्यानं तक्रार दिली, विनापरवाना बांधकाम सुरू केलं म्हणून, आणि आज-उद्या होणारी फाईल जागच्या जागी थांबली.

मग पाहणीला तालुक्याचे साहेब आले. तरुण आहेत, पायात पांढरे बूट, आणि आदल्या दिवशीच पाऊस झालेला. आपल्या काळ्या मातीनं त्यांचे बूट आधीच दुप्पट करून टाकले होते. पुतण्या त्याच्या बांधावर हाताची घडी घालून उभा. साहेब चौकटीला वळसा घालून यायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, दारातून या. बाजूनं चोर येतात." ते थबकले, हसले आणि खरंच चौकटीतून आले.

"काका, तुम्ही बांधकाम सुरू केलंय."

"कुठं साहेब?"

"हे काय आहे मग?"

"चौकट."

"तेच म्हणतोय मी."

"हिच्यात राहता येतंय का साहेब? पाऊस लागंल तुम्हाला."

बांधावरून पुतण्या ओरडला, "काका, म्हातारपनी जेलात जाता का?"

"तिथं तरी छप्पर हाय!" मी म्हणालो. आणि हे मला जागेवर सुचलं, माय, रस पिताना नाही.

साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. "हे बघा काका, भांडू नका. चार दिवस ही आडवी करून ठेवा. मी लिहितो, जागा मोकळी आहे. तक्रार निकाली निघते, तुमची फाईल पुढं जाते. परवानगी आली की पुन्हा उभी करा. कोण बघतंय?" माय, तो हात खांद्यावर पडला आणि माझं सगळं अवसान गळालं. कुणी ओरडलं तर मला निदान राग तरी येतो. कुणी समजुतीनं बोललं की मी विरघळतो. खोटंही काय होतं त्यात? चार लाकडं आडवी करायची आणि पोरीला कागद मिळायचा. पुजलेली चौकट हलवायची नाही, हे जोशीबुवांचं म्हणणं झालं. मी हाव म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं.

पोरगी पाणी घेऊन आली होती. तिनं तांब्या खाली ठेवला, हातातल्या ब्लाउजला हूक लावत होती तो तसाच घेऊन चौकटीपाशी गेली आणि उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर बसलेलं तुला कधी चाललं नाही. मी कुणालाही बसू देत नाही. त्या दिवशी काही बोललो नाही. ती खाली मान घालून हूक लावत होती. दोरा दातानं तोडला आणि मग म्हणाली, "साहेब, मला सासरच्यानी असंच सांगितलं होतं. चार दिवस माहेरी जा, समदं निवळू दे, मंग घ्यायला येतो."

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

"त्या चार दिवसाला लई वर्सं झाली," ती म्हणाली आणि दुसरा हूक घेतला.

बांधावर पुतण्यानं हाताची घडी सोडली. मी साहेबांना म्हणालो, "लिहा साहेब. चौकट हुबी हाय, लिहा." त्यांनी गुडघ्यावर फाईल ठेवून लिहिलं आणि सहीला माझ्यासमोर धरलं. इतके दिवस कुणी बोट ठेवलं की मी सही करून मोकळा होतो. त्या दिवशी मी चष्मा पुसला, एकेक अक्षर लावून वाचलं. लिहिलं होतं, भिंत नाही, छत नाही, एक लाकडी चौकट आढळून आली. मी म्हणालो, आढळायला ती काय हरवली होती? उभी आहे लिहा. त्यांनी खोडून तसं लिहिलं. जाताना चौकटीपाशी थांबले. पोरगी जरा सरकली, ते तिच्या बाजूनं उंबरा ओलांडून गेले.

त्यांनी खरं लिहिलं, त्यामुळं प्रकरण वर गेलं. आता जिल्ह्याहून कागद आला आहे. चौकट काढून टाका, नाहीतर सुनावणीला येऊन कारण सांगा. गावात जो तो मला शहाणपण शिकवतो आहे. कुणी म्हणतं आमदाराला भेट, कुणी म्हणतं पुतण्याचे पाय धर, कुणी म्हणतं चौकट काढून कडब्यात लपव. मी सुनावणीला जाणार आहे. पोरगी बरोबर येणार आहे, तिनं आपण होऊन सांगितलं. चाचांचा नातूही येतो म्हणाला. कारण काय सांगायचं ते मी ठरवलं आहे. हे वावर माझं, वाट शेजाऱ्यानं दिलेली, नकाशा तुम्ही मागाल तसा, मग उशीर तुमचा आणि आडवं आम्ही कशासाठी व्हायचं? साहेबांनी परवानगी नाकारली तर मी वरच्या साहेबांकडं जाईन, आणि त्यांच्यावर कुणी असेल तर त्यांच्याकडं. माझ्याकडं दुसरं काम काय आहे? चौकट काढायला माणसं आली तर उंबऱ्यावर आता दोघांना बसायला जागा आहे. टेकू मी कालच बदलले. नवे जाड आहेत.

हे इतकं लिहून मी उठलो होतो. चौकटीत उभा राहून तुला मोठ्यानं वाचून दाखवायचं मनात होतं, दुसरीकडं कुठं हे पाठवणार? सुरुवातही केली. पत्र्याच्या खोलीत मशीन थांबलं, पोरगी ऐकायला लागली, आणि मी कागद घडी करून खिशात टाकला. कारण एक गोष्ट तिला माहीत नाही, ती तुला सांगितल्याशिवाय पत्र पुरं होत नव्हतं, म्हणून पुन्हा बसलोय. पहिल्या अर्जात विचारलं होतं, या जागेवर पूर्वी घर होतं का? बाबू म्हणाला, "न्हाई लिहा काका. हाव लिहिलं तर ते कवा बांधलं, कोनाच्या परवानगीनं बांधलं, समदं उकरत बसतील." मी 'नाही' असं लिहिलं. जिथं तू मला गोवरातून वर काढलंस, जिथं तू शेवटचं पाणी मागितलंस, तिथं घर नव्हतं असं माझ्या अक्षरात माझ्या सहीनं कचेरीत पडलं आहे. सुनावणीत साहेबांनी विचारलं तर मी सांगणार, होतं. माझ्या मायचं होतं, तुराट्यांचं होतं, आणि त्यात आम्ही राहिलो. पण त्यांनी विचारलंच नाही, तर आपण होऊन माझं तोंड उघडेल का, ते मला आज सांगता येत नाही, माय.